सायकल चोरीला जाऊ नये म्हणून, आणि गेलीच तर

सायकलला आरसी बुक नसतं, नंबर प्लेट नसते, आरटीओत तिची नोंद नसते. मोटारसायकल चोरीला गेली तर निदान इंजिन नंबर आणि चेसिस नंबर सरकारी दफ्तरात कुठेतरी लिहिलेला असतो. सायकल गेली की ती आपलीच होती हे सांगणारा कागद आपण जपला असेल तरच असतो, आणि बहुतेक घरांत तो नसतो. आपल्या दादा-नानांच्या काळात अनेक नगरपालिका सायकलवर कर घेऊन नंबर असलेला धातूचा बिल्ला देत. तो बिल्ला गेला आणि त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. जपानमध्ये १९९४ पासून सायकलची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, फ्रान्समध्ये २०२१ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलीवर ओळख क्रमांक घालावा लागतो. आपल्याकडे हे काम घरच्यांनाच करावं लागतं.

मला हे कळलं ते एका विद्यार्थिनीमुळे. नववीतली मुलगी, घर शाळेपासून चार किलोमीटर. चार दिवस गैरहजर राहिली म्हणून चौकशी केली तर क्लासच्या बाहेरून सायकल गेलेली. वडील रोजंदारीवर. पोलीस ठाण्यात जाऊन आले, पण तिथे विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. कंपनी? माहीत नाही. फ्रेम नंबर? तो काय असतो? किंमत? "निळी होती साहेब, पुढे टोपली होती," एवढंच ते सांगू शकले. नशीब असं की ती सायकल मानव विकास कार्यक्रमातून घेतलेली होती. राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहत असतील तर, सायकलीसाठी ५,००० रुपये मिळतात आणि खरेदीची पावती शाळेत जमा करावी लागते. म्हणजे पावती आमच्याच ऑफिसच्या फायलीत होती. पुढे काय झालं ते खाली येईलच.

आधी नंबर

प्रत्येक कारखान्यातून निघालेल्या सायकलीच्या सांगाड्यावर सहसा एक नंबर ठोकलेला असतो. बहुतेक वेळा तो खालच्या बाजूला असतो, जिथे दोन्ही पायडलांचा दांडा आरपार जातो त्या नळकांड्याच्या पोटावर. दुकानदार त्या भागाला बीबी म्हणतात. काही सायकलींवर सीटखालच्या उभ्या नळीवर किंवा हँडलखाली पुढच्या बाजूला सापडतो. सायकल उलटी करा, रॉकेलच्या फडक्याने चिखल-ग्रीस पुसा आणि नंबर शोधा. रंगाच्या थराखाली आकडे नीट वाचता येत नसतील तर मुलांच्या हातात पातळ कागद आणि पेन्सिल द्या. नाण्यावर कागद ठेवून घासतात ना, तसंच घासायचं. आकडे कागदावर उमटतात. हा कागद टाकू नका, पावतीला टाचून ठेवा.

मग मोबाईलवर चार फोटो काढा: पूर्ण सायकल उजव्या बाजूने, नंबर, पावती, आणि सायकलवरची एखादी खास खूण, म्हणजे ओरखडा, वेल्डिंग, वेगळ्या रंगाचं मडगार्ड. फोटो फक्त फोनमध्ये ठेवले तर फोन बदलला की जातात. घरातल्या दोघा-तिघांना पाठवून ठेवा.

पावतीचा मुद्दा जरा स्पष्ट सांगतो. दुकानदार विचारतो, "बिल पाहिजे की असंच करू?" आणि आपण शे-दोनशे वाचवायला "असंच करा" म्हणतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे पक्क्या बिलाचा भार पूर्वीइतका राहिलेला नाही. बिल घ्या आणि त्यावर फ्रेम नंबर दुकानदाराच्या हातानेच लिहून घ्या. बहुतेक दुकानदार स्वतःहून लिहीत नाहीत, सांगितलं तर लिहितात. आमच्या फायलीतल्या पावत्या मी नंतर एकेक करून पाहिल्या. कंपनी, रंग, किंमत सगळं होतं. नंबर एकाही पावतीवर नव्हता.

स्वतःची खूण घालणं याहून सोपं आहे. भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या ताटल्यांवर नाव घालून देतात, त्याच मशीनने तुमचं आडनाव किंवा मोबाईलचे शेवटचे सहा आकडे सायकलच्या जाड भागावर हलक्या हाताने घालून मिळतात. पातळ नळीवर खोल कोरू नका, तिथून गंज धरतो. दुसरी खूण आतली. सीट काढली की खाली पोकळ नळी दिसते. कागदावर नाव आणि फोन लिहा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि त्या नळीत वर अडकेल असा घालून सीट परत बसवा. चोर रंग बदलतो, टोपली काढतो, स्टिकर खरवडतो. सीटच्या नळीत तो सहसा पाहत नाही.

कुलूप

साध्या सायकलीला मागच्या चाकावर जे गोल कुलूप येतं, ते चाक फिरू देत नाही, एवढंच. मागची बाजू उचलून पुढच्या चाकावर सायकल ढकलत नेता येते, किंवा सरळ टेम्पोत टाकता येते. शिवाय स्वस्त कुलुपांच्या चाव्या एकमेकांना लागतात. खरं वाटत नसेल तर शेजाऱ्याची चावी एकदा लावून बघा. हे कुलूप दुकानात पाणी प्यायला थांबण्यापुरतं. जिथे सायकल अर्ध्या तासाहून जास्त उभी राहणार, तिथे ती एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला बांधलीच पाहिजे.

प्लास्टिकच्या नळीतलं बारीक वायर लॉक साध्या कटरने तुटतं. मुलांना आवडतं म्हणून घेतलेलं नंबर लॉक बहुधा याच जातीचं असतं, आणि त्याचे आकडे वर्गातल्या निम्म्या मुलांना पाठ असतात. जाड कड्यांची चेन आणि चांगलं कुलूप, किंवा लोखंडी यू-लॉक, हे महाग पडतं पण टिकतं. गिअरच्या महागड्या सायकलीला यू-लॉक हवंच. साध्या सायकलीला गोल कुलूप अधिक एक जाड चेन पुरते. दोन वेगळ्या प्रकारची कुलपं म्हणजे चोराला दोन वेगळी हत्यारं आणि दुप्पट वेळ.

चेन घालताना ती मागचं चाक आणि सांगाडा या दोन्हींतून गेली पाहिजे, मग खांबाभोवती. फक्त पुढच्या चाकातून घातली तर चोर चाक तिथेच ठेवून बाकीची सायकल नेतो. कुलूप जमिनीवर लोंबू देऊ नका, दगडावर ठेवून हातोडा मारायला सोपं जातं. चावीचं भोक खाली तोंड करून ठेवा. आणि ज्याला बांधता तेही बघा: उंची कमी असलेल्या खांबावरून सायकल वरून काढून घेता येते, जाळीचं कुंपण कापता येतं, कोवळं झाड मोडता येतं. पावसाळ्यात कुलूप गंजून चावी फिरेनाशी होते आणि मग मुलं कुलूप लावणंच सोडतात. महिन्यातून एकदा मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

नव्या सायकलींची चाकं आणि सीट पान्याशिवाय, नुसत्या खटक्याच्या पट्टीने निघतात. सीट काढून सोबत नेता येत असेल तर न्या, नाहीतर सायकल मिस्त्रीकडून तिथे साधा नट बसवून घ्या.

चोराला तुमची वेळ ठाऊक असते

सायकली कुठून जातात हे थोडं आठवून पाहिलं तर लक्षात येतं की त्या निर्जन जागांपेक्षा गर्दीच्या जागांवरून जास्त जातात. क्लासच्या बाहेरून, रेल्वे स्टेशनजवळून, दवाखान्यातून, बाजाराच्या तोंडावरून. जुम्म्याच्या वेळी मशिदीबाहेर सायकलींची रांग लागते तिथूनही. या सगळ्या जागांत एक गोष्ट सारखी आहे. मालक आत गेला की किती वेळाने बाहेर येणार हे बाहेर उभ्या माणसालाही माहीत असतं. पाच ते सहाचा क्लास म्हणजे सहाच्या आधी कोणी येत नाही. लूमवर रात्रपाळीला गेलेला कारागीर सकाळपर्यंत बाहेर येत नाही. गर्दीत कुणी सायकलीशी खटपट करत असेल तर बघणाऱ्याला वाटतं, चावी हरवली असेल बिचाऱ्याची.

म्हणून अशा जागी एकट्याने कुलूप लावण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून सोय केलेली बरी. क्लासवाल्याला सांगून भिंतीत दोन जाड कड्या बसवून घेता येतात. चार मित्र एका लांब चेनमध्ये चार सायकली ओवू शकतात. मशिदीच्या ट्रस्टने किंवा कारखान्याच्या मालकाने एक लोखंडी रॅक जमिनीत पक्का गाडून घेतला तर तो खर्च एकदाचाच. सीसीटीव्ही असेल तर त्याचं तोंड सायकलींकडे आहे का ते बघा. मी पाहिलेले बहुतेक कॅमेरे चपलांच्या कपाटाकडे किंवा रस्त्यावरच्या गाड्यांकडे वळवलेले असतात.

घरातली चोरी वेगळी. जिन्याखाली, बोळात, ओट्यावर ठेवलेल्या सायकलीला आपण कुलूप लावत नाही, "घरीच तर आहे." पहाटे फजरच्या आधीची शांत वेळ चोराला पुरते. घराच्या खिडकीच्या गजाला चेन लावा.

गेली तर, पहिले काही तास

आधी ती खरंच चोरीला गेली आहे का ते बघा. एकाच योजनेतून, एकाच दुकानातून घेतलेल्या सायकली दिसायला सारख्या असतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे चावीही लागू शकते. आमच्या शाळेत दोनदा असं झालं आहे की मुलगी चुकून दुसरीची सायकल घेऊन घरी गेली. आसपास विचारा, वॉचमनला विचारा.

मग लगेच कॅमेरे. दुकानांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे "उद्या बघू" करू नका. दुकानदाराला नम्रपणे विनंती करा, कॅमेऱ्यात दिसणारी वेळ आणि खरी वेळ यांत किती फरक आहे ते लिहून घ्या, आणि तेवढा तुकडा जपून ठेवायला सांगा. मोहल्ल्याच्या ग्रुपवर सायकलचा फोटो टाका, पण संशयितांची नावं टाकू नका. जवळपासचे सायकल मिस्त्री, भंगारवाले आणि जुन्या सायकली विकणारे यांना फोटो आणि नंबर द्या. चोरीची सायकल पहिल्या काही दिवसांत बहुधा यांच्यापैकीच कुणाकडे तरी येते.

एखादा पोरगा हाती लागला तर त्याला मारू नका. अनेकदा तो आपल्याच वस्तीतला, पंधरा-सोळा वर्षांचा असतो. मारलं तर गुन्हा मारणाऱ्यावर दाखल होतो, आणि जमावाने मारलं तर फार गंभीर. ११२ ला फोन करा. मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि तेच योग्य आहे. शिक्षक म्हणून सांगतो, सायकल परत मिळू शकते, पण बोळात मार खाल्लेला पोरगा सहसा शाळेत परत येत नाही.

सायकलमध्ये ब्लूटूथ टॅग लपवला असेल आणि तो एखाद्या घराकडे बोट दाखवत असेल, तरी एकट्याने दार ठोठावायला जाऊ नका. तो टॅग आसपासच्या लोकांच्या फोनवरून जागा सांगतो, शेजारच्या घराचीही दाखवू शकतो. पोलिसांना ते दाखवा.

पोलीस ठाण्यात

इथे पाच हजारांचा आकडा लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. पण चोरलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा होते. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या तक्त्यात ५,००० च्या आतली अशी चोरी अदखलपात्र धरली आहे. अदखलपात्र म्हणजे पोलीस कलम १७४ प्रमाणे नोंद घेतात, आपल्याला कोर्टाचा रस्ता दाखवतात, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. याला बोली भाषेत एनसी म्हणतात.

गरिबाची सायकल नेमकी या आकड्याच्या आसपास असते. म्हणून पावती महत्त्वाची. किंमत फुगवून सांगू नका, पण सायकलसोबत गेलेलं सगळं सांगा: कुलूप, चेन, टोपली, नवा टायर, लाईट, ज्याची पावती आहे ते पावतीसकट. आणखी एक गोष्ट: राहत्या घरातून किंवा सामान ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून चोरी झाली असेल तर कलम ३०५ लागू शकतं. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पाच हजारांची अट नाही. घरातून गेली असेल तर तक्रारीत "घरातून" असं स्वच्छ लिहा.

दुसरा शब्द "हरवली". पोलिसांच्या संकेतस्थळावर वस्तू हरवल्याची नोंद घरबसल्या करता येते आणि लोक तीच करून मोकळे होतात. ती गहाळ वस्तूची नोंद आहे, चोरीची तक्रार नव्हे. तक्रारीत असं लिहा: "दि. … रोजी सायंकाळी … ते … या वेळेत … येथे कुलूप लावून उभी केलेली माझी … कंपनीची, … रंगाची, फ्रेम नंबर … असलेली, अंदाजे … रुपये किमतीची सायकल कोणीतरी अज्ञात इसमाने माझ्या संमतीशिवाय लबाडीने चोरून नेली आहे." खाली खुणा लिहा, पावतीची आणि फोटोंची झेरॉक्स जोडा. दोन प्रती करा आणि एका प्रतीवर ठाणे अंमलदाराची सही-शिक्क्यासह पोहोच घ्या.

दखलपात्र गुन्हा असेल तर कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते, "आमची हद्द नाही" हे कारण चालत नाही. कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. तक्रार ऑनलाईन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ठाण्यात घेतच नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात उपायुक्तांकडे, रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवा. तिथेही दाद नाही मिळाली तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

एनसी झाली तरी ती निरुपयोगी नाही. पोलीस एखाद्या चोराला पकडतात तेव्हा त्याच्याकडे एक नाही, दहा-पंधरा सायकली सापडतात. मग मालक कोण हा प्रश्न येतो. नंबर लिहिलेली एनसी रजिस्टरला असेल तर जुळवता येतं.

सापडली तर

त्या मुलीच्या बाबतीत असंच झालं. पावतीमुळे गुन्हा दाखल झाला, आणि अडीच महिन्यांनी ठाण्यातून फोन आला. आवारात बऱ्याच सायकली, त्यांत एकाच कंपनीच्या तीन निळ्या. टोपली एकीलाही नाही. वडील तिन्हींकडे बघत उभे. शेवटी त्यांनी वस्तीतल्या सायकल मिस्त्रीला बोलावून आणलं. त्याने स्टँड पाहिला आणि एकीवर हात ठेवला. मोडलेला स्टँड त्यानेच वेल्डिंग करून जोडला होता, आणि आपला टाका तो ओळखत होता. बाकी दोन निळ्या सायकली तिथेच राहिल्या. त्या कुणाच्या होत्या ते मला कधी कळलं नाही.

सापडलेली सायकल मुद्देमाल असते, ती लगेच हातात मिळत नाही. कोर्टात अर्ज करावा लागतो. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७ किंवा ५०३ प्रमाणे मॅजिस्ट्रेट ती मालकाच्या ताब्यात देण्याचा आदेश करतात. आपण बंधपत्र लिहून देतो की लागेल तेव्हा हजर करू, विकणार नाही. याला सुपुर्दनामा म्हणतात. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की जप्त वस्तू ठाण्यात सडवत ठेवू नयेत, फोटो आणि पंचनामा करून लवकर परत द्याव्यात. अर्जात या निकालाचा उल्लेख करा. वकील परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. महिला आणि मुलांना मोफत मदत मिळते, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाही.

मालक सापडला नाही तर मॅजिस्ट्रेट जाहीरनामा काढू शकतात आणि दावा सांगायला सहा महिन्यांची मुदत असते. त्यानंतर वस्तू विकली जाऊ शकते. म्हणून वर्तमानपत्रात सायकली पकडल्याची बातमी दिसली, शेजारच्या तालुक्यातली का असेना, की तिथे एकदा जाऊन या.

जुनी सायकल घेताना

चोरीच्या सायकली विकल्या जातात कारण कुणीतरी त्या घेतं. सात-आठ हजारांची सायकल हजारात मिळते तेव्हा घेणाऱ्यालाही मनातून कळत असतं. जाणूनबुजून चोरीचा माल घेणं शरियतीत जायज नाहीच, कायद्यातही कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि "मला माहीत नव्हतं" हे तेव्हाच चालतं जेव्हा संशय यायला कारण नसतं. नंबर घासून काढलेला असेल, नवा रंग घाईघाईने मारलेला असेल, विकणारा पावतीचा विषय टाळत असेल किंवा रस्त्यावरच सौदा उरकायला बघत असेल तर घेऊ नका. घेतलीच तर साध्या कागदावर लिहून घ्या: विकणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाईल, सायकलची कंपनी, रंग, फ्रेम नंबर, किंमत, तारीख, दोघांच्या सह्या, एक साक्षीदार. पैसे शक्यतो फोनवरून द्या, त्याची नोंद राहते. आपली जुनी सायकल विकतानाही हाच कागद करा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा, म्हणजे उद्या ती सायकल कुठल्या भानगडीत सापडली तर पोलीस तुमच्या दारी आल्यावर दाखवायला काहीतरी असेल.